वर्गाचा ब्लॉग काढण्याआधी त्याचा वाचक शोधा

प्रश्न विचारणाऱ्या मॅडम नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवीला मराठी शिकवतात. वर्गात ४८ मुलं. वर्गाचा ब्लॉग सुरू करायचं त्यांच्या मनात आहे, पण मुख्याध्यापक म्हणतात, "आधीच पोट्टे मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत, त्यात तुमचं हे." बहुतेक घरांत फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. ब्लॉगनं मुलांचं लिहिणं खरंच सुधारतं की तो नुसता देखावा, आणि सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, सुधारतं. माझ्या वर्गात सुधारलेलं मी पाहिलंय. आणि देखावाही होतो, तोही मीच करून बसलेय. आधी देखाव्याचं सांगते.

२०११ मध्ये मी पहिला ब्लॉग काढला. नाव 'ज्ञानदीप'. (या नावाचे महाराष्ट्रात किती ब्लॉग असतील, बाप्पा!) वर्षभरात साठेक पोस्ट टाकल्या. सुविचार, पंधरा ऑगस्टचे फोटो, वक्तृत्व स्पर्धेचा निकाल, ज्या मुलींचं अक्षर चांगलं त्यांच्या निबंधांचे स्कॅन. खाली प्रतिक्रिया आल्या तीन, तिन्ही सहकाऱ्यांच्या: "खूप छान मॅडम." मुलांना ब्लॉगचा पत्तासुद्धा ठाऊक नव्हता. पुढच्या जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा मला तो उघडायची आठवणही झाली नाही. पुढे २०१५ च्या सुमारास 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाचं वारं आलं, 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रुळला आणि गावोगावच्या शिक्षकांनी ब्लॉग काढले. त्यांतले पुष्कळ कामाचे होते. शासन निर्णय, चाचण्यांचे नमुने, सगळं एका जागी सापडायचं. पण ते शिक्षकांनी शिक्षकांसाठी चालवलेले. तुम्ही विचारताय ते मुलांना लिहायला शिकवण्याबद्दल, त्याचा हिशेब वेगळा आहे.

निबंधाच्या वहीला एकच वाचक असतो आणि त्याला वाचायचा पगार मिळतो. पोरांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून ती मला आधीच माहीत असलेलं लिहितात, "पोळा हा शेतकऱ्यांचा आवडता सण आहे." ब्लॉगचा फायदा एवढाच, की तिथे पगार न घेणारा वाचक आणता येतो. तो आणला नाही तर ब्लॉग म्हणजे महागडी निबंधाची वही.

हे मला कळलं ते मारबतीमुळे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीनं नेऊन जाळतात त्या पुतळ्यामुळे. माझ्या वर्गात जागनाथ बुधवारीकडे राहणारा एक मुलगा होता. तान्हा पोळ्याच्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या ब्लॉगसाठी लिहायची त्याच्या गटाची पाळी होती, त्यानं 'मारबत' विषय घेतला आणि अकरा ओळी आणून दिल्या. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, ही वाईट प्रवृत्तींची प्रतीके आहेत, हा उत्सव फक्त नागपुरात होतो, वगैरे. कुठून उतरवलं ते विचारायची गरज नव्हती, दरवर्षी पेपरात हेच छापून येतं. मी फक्त दोन प्रश्न लिहून परत दिलं. ही सालं तुला कोणी सांगितली? आणि तू स्वतः काय पाहिलंस?

दुसऱ्या दिवशी तो दोन पानं घेऊन आला. त्याचा काका मोहल्ल्यातल्या पोरांबरोबर बडग्या बनवतो, म्हणजे मारबतीबरोबर निघणारा टीकेचा पुतळा. बांबूच्या कमच्या, वर रद्दी कागद, मैद्याची खळ. खळीच्या वासानं घरातलं मांजर दोन दिवस आत आलं नाही. त्या वर्षी बडग्या महागाईचा होता आणि त्याच्या गळ्यात घालायला कांद्यांची माळ हवी होती, तर आईनं कांदे दिले नाहीत, म्हणाली, "महागाईचा बडग्या करता आणि कांदे माझेच नेता?" मग कागदाचे कांदे केले. हे वाक्य त्या पोरानं जसंच्या तसं लिहिलं होतं. मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकापर्यंत हशा पिकला आणि त्याचे कान लाल झाले. सालांबद्दल आम्ही तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली: जे पाहिलं ते 'आहे', जे ऐकलं ते 'असं सांगतात'. त्यानं लिहिलं, "काळी १८८१ पासून निघते असं सांगतात." एवढ्या दोन शब्दांत पोरगं माहितीकडून लिहिण्याकडे आलं.

लेख ब्लॉगवर चढला. चार दिवसांनी एक प्रतिक्रिया आली, वर्गातल्याच एका मुलीच्या आजीनं सांगितलेली, नातीनं टाईप केलेली. आजीचं म्हणणं असं: तू पिवळीला वाईट म्हणतोस, पण आम्ही तिला आधी पुजतो, पोरांना तिच्या पाया पडवतो, मग नेऊन जाळतो. तुझ्या लेखात पूजा कुठाय? मी सांगितलं असतं तर त्यानं मुकाट एक ओळ वाढवली असती. आजीनं विचारलं म्हणून तो घरी जाऊन भांडला, "पूजा का करता तिची, ती तर इडा-पिडा नेणारी ना?" आणि आईनं दिलेलं उत्तर घेऊन आला: "जी आपली इडा-पिडा घेऊन जाते तिला तसंच पाठवायचं का?" तिसरा खर्डा त्या वाक्यानं संपला. लाल पेन न लावता, शिक्षिकेनं न सांगता, आठवीच्या मुलानं स्वतःहून केलेलं तिसरं लेखन. मी ते तोवर पाहिलं नव्हतं.

म्हणून माझा पहिला सल्ला तंत्राचा नाही. ब्लॉग उघडण्याआधी पाच-सहा वाचक पक्के करा. शाळेचे निवृत्त शिक्षक, एखादी आजी, पुण्याला शिकणारी माजी विद्यार्थिनी, शाळेसमोरचा झेरॉक्सवाला. त्यांना एकच सांगायचं: "छान" लिहू नका, एक प्रश्न विचारा. आमच्याकडे एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "मग पुढे काय झालं?" पोरं त्यांना घाबरायची.

आता फोनचं. मुख्याध्यापकांना सांगा, मुलांना फोन लागतच नाही. माझ्या वर्गात सगळं लिहिणं कच्च्या वहीत होतं. आठ-आठ मुलांचे सहा गट, आठवड्याला एक लेख, म्हणजे एका गटाची पाळी सहा आठवड्यांनी. गटातली सगळी आपापलं लिहितात, एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवतात आणि कोणता लेख पुढे जाणार ते गटच ठरवतो. मोठ्यानं वाचणं सोडू नका. जिथं वाचणाऱ्याची जीभ अडते तिथं वाक्य बिघडलेलं असतं, हे पोरांना व्याकरणाच्या तासापेक्षा लवकर कळतं. निवडलेल्या लेखाला बाकीचे सात जण प्रश्न विचारतात, लेखक पुन्हा लिहितो, मग एक जण शाळेच्या संगणकावर किंवा माझ्या लॅपटॉपवर टाईप करतो. इंटरनेट माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर. वेळ लागतो आठवड्याचा एक तास आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेतला अर्धा. परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीची कामं वजा जाता वर्षाला बावीस-पंचवीस लेख होतात. तेवढे पुरे. जास्त झाले की पुन्हा सुविचार सुरू होतात.

प्रत्येक लेखाची छापील प्रत फळ्याशेजारी लावायची. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी हाच ब्लॉग. आपल्या शाळांतून हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं पूर्वीपासून निघतात. जुन्या शिक्षकांना ब्लॉग म्हणजे काय ते समजावताना मी त्याला भित्तिपत्रकाची धाकटी बहीण म्हणते, विरोध निम्मा गळून पडतो.

ब्लॉग कुठे काढायचा? मी ब्लॉगर वापरते. १९९९ सालचं आहे, २००३ मध्ये गूगलनं घेतलं, दिसायला जुनाट आहे, पण फुकट आहे आणि आपण सुरू केल्याशिवाय जाहिराती येत नाहीत. वर्डप्रेसच्या फुकट ब्लॉगवर जाहिराती येतात, आणि मुलाच्या लेखाखाली कशाची जाहिरात येईल ते आपल्या हातात नसतं. सेटिंगमध्ये ब्लॉग कोण वाचू शकेल ते ठरवता येतं. पहिले दोन महिने तो फक्त लेखकांपुरता ठेवा, नंतर खुला करा, तेव्हाही सर्च इंजिनला दिसण्याची परवानगी बंद ठेवा. पत्ता ज्याला दिला त्यानंच वाचायचा.

मुलांची वेगवेगळी खाती काढू नका. गूगलचं स्वतःचं खातं वापरायला आपल्याकडे तेरा वर्षं पूर्ण लागतात आणि आठवीत सुरुवातीला काही मुलं बारा वर्षांचीच असतात. एकच खातं, शाळेच्या नावानं, पासवर्ड तुमच्याकडे. मी तो हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवला होता. दुसऱ्या ब्लॉगला मी 'शब्दसुमने' असं नाव दिलेलं (माणूस सुधारत नाही), एका सोमवारी उघडून बघते तर वर मोठ्या अक्षरात 'मागच्या बाकावरून'. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता. पासवर्ड बदलला, नाव तेच राहू दिलं. कुणी केलं ते विचारलं नाही, पण मागच्या बाकावरचे दोघं आठवडाभर माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

मराठी टायपिंगमध्ये पहिला महिना जाईल, तयारी ठेवा. शाळेच्या ऑफिसातल्या संगणकावर बहुधा कृतीदेव किंवा श्रीलिपीसारखा जुना फाँट असतो. त्यात टाईप केलेलं ब्लॉगवर चिकटवलं की अगम्य चिन्हं उमटतात, कारण तो युनिकोड नाही. सरळ युनिकोडमध्ये टाईप करायला शिकवा, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जमला तर उत्तम. बोलून टाईप करायची सोय पोरांना फार आवडते. तिनं विरामचिन्हं गायब होतात आणि आमच्या नागपुरी बोलण्याचं भलतंच काही उमटतं, तरी ते दुरुस्त करणं हासुद्धा शुद्धलेखनाचा चांगला तास आहे. एक अडचण खास आपली: 'वऱ्हाड' टाईप केलं की 'वर्हाड' होतं. साध्या 'र' ला हलन्त जोडला की रफार वर जातो, त्यासाठी नुक्त्याचा 'ऱ' घेऊन त्याला हलन्त द्यावा लागतो. दुसऱ्या, तिसऱ्या, कोपऱ्यात, सगळीकडे हेच. माझ्या वर्गात ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सापडली त्याला महिनाभर 'रफार मास्तर' म्हणायचे.

आता ज्यावर मी सहकाऱ्यांशी सगळ्यात जास्त भांडलेय, ती भाषा. आपली मुलं 'करून राहिला', 'काहून', 'मले-तुले' बोलतात. ब्लॉगवर हे जाऊ द्यायचं का? एका मुलानं लिहिलं होतं, "आजी म्हणे, काहून रडून राह्यला रे?" मी सवयीनं दुरुस्त केलं: "आजी म्हणाली, 'का रडतोस?'" तो कागदाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझी आजी असं बोलतच नाही." खरंच की. मी त्याच्या आजीला काढून पुण्याची एक अनोळखी बाई आणून बसवली होती. तेव्हापासून कोणी बोललेलं वाक्य असेल तर त्याला हात लावायचा नाही, हा नियम. निवेदनात काय ठेवायचं ते मुलाशी बसून ठरवते. काही म्हणतात प्रमाण ठेवू, काही म्हणतात असंच राहू द्या. ठरवताना दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून होतात, आणि दहावीला कोणतं लागतं हे त्यांना त्यातूनच कळतं. बोलीमुळे प्रमाण बिघडतं असं मला एवढ्या वर्षांत दिसलं नाही. घोकलेल्या निबंधामुळे बिघडताना रोज दिसतं.

सुरक्षिततेचं मोजकं सांगते, पण यात सूट नाही. पालकांची लेखी संमती हवीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. लेखाखाली फक्त पहिलं नाव किंवा टोपणनाव. चेहरा दिसणारा फोटो नाही, गणवेशावरचा बिल्ला नाही, घराचा पत्ता नाही. फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करून मगच फोटो काढायचे. आणि प्रतिक्रिया तुमच्या मंजुरीशिवाय दिसणार नाहीत अशी सोय पहिल्या दिवसापासून. मला एकदाच एक घाणेरडी प्रतिक्रिया आली, ती मुलांपर्यंत पोचली नाही ती याच सोयीमुळे.

कायद्यात न बसणारीही एक गोष्ट असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतर आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. एका मुलीनं लिहिलं की पाणी पलंगाच्या वर आलं तेव्हा वडिलांनी पहिल्यांदा काय उचललं आणि काय राहून गेलं. इतकं नेमकं लिहिलेलं मी मोठ्यांचंही कमी वाचलंय. संमती होती, नाव नव्हतं, लेख चढला. तिसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. रागावले नव्हते, खाली मान घालून म्हणाले, "नातेवाईकांनी वाचलं, मॅडम. त्यांना कळलं आमचं घर कसं आहे ते." त्यांच्यासमोरच लेख काढून टाकला. मुलगी रडली. मी तिला सांगितलं की लेख चांगला होता म्हणूनच त्यांना घर दिसलं, पण तिला ते पटलं असं वाटलं नाही. तेव्हापासून घरातल्या माणसाबद्दल लिहिलं असेल तर त्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय लेख चढत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

गुणांचं म्हणाल तर ब्लॉगला गुण देऊ नका. अकरावीच्या 'युवकभारती' पाठ्यपुस्तकात उपयोजित मराठीत 'अनुदिनी लेखन', म्हणजे ब्लॉग लेखन आलंय, तिथे गुण लागतील तेव्हा लागतील. आठवीत ते कुणी मागत नाही, ही चैन आहे, ती उपभोगा. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीसाठी मी पहिला आणि शेवटचा खर्डा एकत्र टाचून ठेवते आणि दोन्हींत काय बदललं ते मुलालाच तीन ओळींत लिहायला लावते. तपासायला कुणी आलं की तो गठ्ठा पुढे करते, सहसा पुढचा प्रश्न येत नाही.

वाचकसंख्येचा आकडा मात्र झाकून ठेवा. एका वर्षी तो बाजूला दिसत होता, तर एका पठ्ठ्यानं शाळेच्या संगणकावर मधल्या सुट्टीत बसून आपलाच लेख शेकडो वेळा उघडला आणि वर्गात जाहीर केलं की त्याचा लेख सगळ्यात गाजला.

चॅटजीपीटीचं विचारलं नाहीत, पण विचाराल. "नागपूर हे ऐतिहासिक वारसा लाभलेले शहर असून" अशी सुरुवात आली की समजायचं. ओरडत नाही. मारबतीवाल्या मुलाला विचारले तेच दोन प्रश्न लिहून देते. तुमच्या गल्लीत खळीचा वास कसा येतो, हे त्या यंत्राला माहीत नसतं.

तर या वर्षाचं असं करा. जुलैभर फक्त कच्च्या वह्या, गट आणि मोठ्यानं वाचन. ऑगस्टात पालकांच्या सह्या आणि तुमचे पाच-सहा वाचक. मुख्याध्यापकांकडे फोन घेऊन जाऊ नका, तीन लेख छापून घेऊन जा आणि त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर या. वाचतील. मग ब्लॉगचा पत्ता मागतील, तेव्हा सांगा, पोळा झाल्यावर देते.